स्टारलिंक : वेगळा ठेवायचा राहून गेलेला मका

स्टारलिंक म्हटले की आजच्या मुलांना आकाशातले उपग्रह आणि इंटरनेट आठवते. पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत हे नाव एका मक्याच्या वाणाचे होते. जनावरांना खाऊ घाला, माणसांना नको, अशी अट घालून सरकारने त्याला परवानगी दिली होती. दोन-अडीच वर्षांत तो मका माणसांच्या ताटात सापडला. त्यानंतर जे घडले ते शेतकी खात्याच्या कागदांत आणि न्यायालयांच्या दप्तरात पडून आहे. मराठीत त्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. जीएम पिके चांगली की वाईट, यावर आपल्याकडे भांडणे खूप होतात. पण पीक शेतातून निघाल्यावर त्याचे काय होते, ते कुणाच्या हातातून जाते, कुठे ओतले जाते, हे कुणी विचारत नाही. स्टारलिंकची हकीकत नेमकी तिथे घडली, म्हणून ती सांगावीशी वाटली.

आधी या मक्यात काय होते ते पाहू. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या जिवाणूकडे अळी मारणारी काही प्रथिने असतात. या प्रथिनाचा जनुक पिकात घातला की पीक स्वतःच अळीला पुरून उरते. आपल्याकडच्या बीटी कापसात हीच युक्ती आहे. स्टारलिंकमध्ये 'क्राय-९-सी' नावाचे प्रथिन होते. या घराण्यातली इतर प्रथिने पोटातल्या आम्लासारख्या द्रवात चटकन विरघळतात, हे मात्र जास्त वेळ टिकत होते, आणि उष्णतेलाही दाद देत नव्हते. ज्या पदार्थांची माणसांना ॲलर्जी होते, त्यांच्यातल्या पुष्कळ प्रथिनांमध्ये हे दोन गुण आढळतात. म्हणून क्राय-९-सीमुळे ॲलर्जी होतेच असे कुणी म्हटले नाही, आणि होणार नाही असेही कुणी छातीठोकपणे सांगू शकले नाही.

अशा वेळी परवानगी थांबवणे हा सरळ मार्ग होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, मे १९९८ मध्ये मधला मार्ग काढला. हा मका पशुखाद्याला आणि कारखान्यांना चालेल, माणसांच्या खाण्यात येता कामा नये. त्यासाठी अटी घातल्या. प्रत्येक शेतकऱ्याकडून कंपनीने करारावर सही घ्यायची. स्टारलिंकच्या शेताभोवती ६६० फुटांचा पट्टा ठेवायचा आणि त्या पट्ट्यातला साधा मकाही पशुखाद्यालाच द्यायचा, कारण मक्याचे परागकण वाऱ्यावर उडतात. कंपनी होती ॲव्हेंटिस क्रॉपसायन्स; आधी हा वाण तिच्या पूर्वीच्या ॲग्रएव्हो या कंपनीकडे होता.

पहिल्या वर्षी सुमारे दहा हजार एकरांवर हा मका लागला. २००० साली तो साडेतीन लाख एकरांच्या आसपास गेला, त्यातला सर्वांत मोठा वाटा आयोवा राज्यात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण अमेरिकेतल्या एकूण मक्याच्या क्षेत्रात तो अर्धा टक्कासुद्धा नव्हता. हा अर्धा टक्का लक्षात ठेवा.

आता अमेरिकेत धान्य कसे हाताळतात ते बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. आपल्या भुसार बाजारात अजूनही पोते दिसते. आडत्याच्या दुकानासमोर शेतकऱ्याचा माल वेगळा पडतो, पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, व्यापारी ते तळहातावर पसरून बघतो, दाताखाली धरून ओलावा अजमावतो आणि मग लिलाव होतो. निदान तेवढा वेळ तरी ढीग अमुक एका माणसाचा असतो. अमेरिकेत पोते केव्हाच गेले. शेतकरी ट्रक घेऊन गावाजवळच्या 'एलेव्हेटर'वर जातो. एलेव्हेटर म्हणजे धान्याची उंच कोठारे, ज्यात यंत्राने दाणे वर चढवतात आणि ओततात. तिथे ओलावा, वजन, तुटके आणि खराब दाणे एवढे तपासले जाते आणि प्रत ठरते. 'पिवळा मका, क्रमांक २' असा शिक्का बसला की तो दाणा जॉनचा की डेव्हिडचा, कोणत्या वाणाचा, हे कुणी विचारत नाही. खाली जाळीवर माल ओतला की तो आधीच्या शंभर शेतकऱ्यांच्या मालात मिसळतो. तिथून आगगाडी, नदीतल्या सपाट तळाच्या बोटी, मग बंदर, पिठाची गिरणी, स्टार्चचा कारखाना किंवा गुरांचा गोठा.

या पद्धतीनेच अमेरिकेचे धान्य स्वस्त झाले, हे मान्य करायला हवे. मिसळणे हा तिच्यातला दोष नव्हता, त्यावरच तिचे सगळे गणित उभे होते. आणि अशा पद्धतीत एका वाणाला सांगितले गेले की बाबा, तू तेवढा वेगळा राहा.

वेगळा राहणार कसा? दिसायला तो दाणा इतर दाण्यांसारखाच पिवळा. चवीत फरक नाही, वजनात नाही. एलेव्हेटरवर विचारणारे कुणी नाही. अनेक शेतकऱ्यांनी पुढे सांगितले की बियाणे विकताना आम्हाला ही अट कुणी सांगितलीच नव्हती. कित्येकांच्या सह्याही घेतल्या गेल्या नव्हत्या. आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही आणायला सांगितली की काय होते ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. इथे तर प्रकरण शेकडो विक्रेत्यांचे आणि हजारो शेतकऱ्यांचे होते.

१८ सप्टेंबर २००० रोजी गोष्ट फुटली. ती सरकारने पकडली नाही, कंपनीनेही नाही. जीएम अन्नाला विरोध करणाऱ्या संघटनांच्या एका आघाडीने वॉशिंग्टनजवळच्या दुकानातून मक्याचे काही पदार्थ विकत घेतले आणि आयोवातल्या फेअरफील्ड गावच्या 'जेनेटिक आयडी' या प्रयोगशाळेला पाठवले. 'टाको बेल' नावाने विकल्या जाणाऱ्या टाकोच्या कवचांत स्टारलिंकचा डीएनए निघाला. टाको म्हणजे मेक्सिकन पद्धतीची मक्याची दुमडलेली कुरकुरीत पोळी, आत सारण भरायचे. दुकानातला हा माल क्राफ्ट कंपनीचा होता. तिने स्वतः तपासणी करून चार दिवसांत, २२ सप्टेंबरला, सगळा माल परत बोलावला.

त्या कवचाचा प्रवास उलटा शोधला तर गंमत दिसते. पीठ दळले टेक्सासमधल्या प्लेनव्ह्यू गावच्या अझ्टेका मिलिंगने. कवचे भाजली सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मेहिकाली शहरात. तिथून माल परत अमेरिकेच्या दुकानांत. या साखळीत कुठेही 'हा मका कोणत्या शेतातला' हा प्रश्न विचारला जाण्याची सोय नव्हती. गिरणीवाल्याने मुद्दाम काही मिसळले असेही नाही. त्याने क्रमांक २ चा पिवळा मका मागवला, त्याला तो मिळाला.

पुढचे दोन महिने धावपळीचे गेले. मिशन फूड्सने पिवळ्या मक्याचे पदार्थ मागे घेतले आणि पांढऱ्या मक्याकडे वळली. मागे घेतलेल्या पदार्थांची संख्या तीनशेच्या वर गेली. सप्टेंबर संपता संपता ॲव्हेंटिसने त्या वर्षीचे सगळे स्टारलिंक पीक बुशेलमागे २५ सेंट जास्त देऊन विकत घेण्याचे कबूल केले. बुशेल म्हणजे मक्याचे साधारण साडेपंचवीस किलो. १२ ऑक्टोबरला कंपनीने आपला परवाना स्वतःहून परत केला. पण तोवर कापणी सुरू होती, आणि बराच माल कोठारांत ओतूनही झाला होता. पाण्यात पडलेले दूध काढायचे कसे?

काढण्यासाठी तपासणीच्या पट्ट्या आल्या. दाणे दळायचे, पाण्यात कालवायचे, त्यात कागदाची पट्टी बुडवायची. काही मिनिटांत रेघ उमटली तर त्यात क्राय-९-सी आहे. पट्टी साधारण आठशे दाण्यांतला एक दाणासुद्धा पकडत असे. म्हणून एका ट्रकमधून तीन वेळा आठशे, म्हणजे २४०० दाणे तपासायचे, असा नियम बसला. हे गणित मी दहावीच्या मुलांना संभाव्यतेच्या निमित्ताने घालतो. पाचशे दाण्यांत एक दाणा स्टारलिंकचा असेल, तर २४०० दाणे उचलल्यावर तो एकदाही हाती न लागण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी राहते. गणित चोख आहे. पण वीस टनांच्या ट्रकमध्ये सहा कोटींच्या आसपास दाणे असतात आणि तपासायचे ते २४०० एक किलोसुद्धा भरत नाहीत. त्यामुळे पट्टीचे उत्तर 'नाही' असे कधीच नसते, 'सापडला नाही' एवढेच असते. मुलांना हा फरक कळायला वेळ लागतो. व्यापाऱ्यांनाही लागला.

जपानला मात्र तो ताबडतोब कळला. अमेरिकेच्या मक्याचे ते सर्वांत मोठे गिऱ्हाईक. ऑक्टोबरमध्ये तिथल्याही खाद्यपदार्थांत स्टारलिंक सापडला आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही सरकारांत ठरले की बोटीत माल भरण्याआधीच तपासणी व्हायची. जपान आणि दक्षिण कोरियाच्या खरेदीदारांनी काही खरेदी दुसऱ्या देशांकडे वळवली. ज्या शेतकऱ्याने स्टारलिंकचा एक दाणा पेरला नव्हता, त्याच्याही मक्याचा भाव पडला. त्यांनी दावे लावले आणि २००३ मध्ये ११ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ग्राहकांच्या दाव्यात त्याआधी ९० लाख डॉलर द्यावे लागले होते.

आणि माणसांचे काय झाले? मक्याचे पदार्थ खाऊन त्रास झाला असे ५१ जणांनी कळवले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्यातली २८ प्रकरणे ॲलर्जीशी जुळणारी मानली आणि १७ जणांचे रक्त तपासले. जून २००१ च्या अहवालात त्यांनी लिहिले की या लोकांचा त्रास क्राय-९-सीच्या ॲलर्जीमुळे झाल्याचा पुरावा मिळाला नाही. ईपीएच्या तज्ज्ञ मंडळाने त्या चाचणीच्या मर्यादाही दाखवल्या, पण तरीही एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण व्हॉट्सॲपवर जीएम मक्याने मेलेल्या माणसांच्या कहाण्या फिरत असतात आणि आपल्या मोहल्ल्यातले गटही त्यात मागे नाहीत. स्टारलिंक खाऊन कुणी मेले नाही. कुणी आजारी पडल्याचेही सिद्ध झालेले नाही.

मग एवढा गहजब कशाचा? माझ्या मते तो मोडलेल्या शब्दाचा होता. सरकारने लोकांना सांगितले होते की हा मका तुमच्या ताटात येणार नाही, आणि तो आला. तो निरुपद्रवी निघाला हा भाग वेगळा. कुणी आपली अमानत परस्पर वापरली आणि पैसे मात्र जसेच्या तसे परत आणून दिले, तर नुकसान झाले नाही म्हणून आपण ती खियानत मानत नाही का?

मदिनेच्या बाजारातली एक रिवायत आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा आजीच्या तोंडून ऐकली असेल. हजरत मुहंमद (स.) धान्याच्या ढिगापाशी थांबले, त्यांनी ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारले की मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता; आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. हा प्रसंग वाचताना मला नेहमी वाटते की तिथे मनाई ओले धान्य विकायला नव्हती, लपवायला होती. ओला ढीग ओला म्हणून विका, घेणारा भाव ठरवेल. स्टारलिंकची अडचण अशी की या ढिगात कितीही हात घातला तरी हाताला काही लागत नाही. अशा मालात सांगण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर जास्त येते. कंपनीला माहीत होते की एलेव्हेटरवर वाण विचारत नाहीत. ईपीएलाही माहीत असायला हवे होते. तरीही एकाने अट लिहून दिली, दुसऱ्याने ती कागदावर स्वीकारली आणि पाळण्याचे ओझे ज्याला धड सांगितलेही नव्हते त्या शेतकऱ्यावर टाकले. दोषाची वाटणी करायची तर मी शेतकऱ्याच्या वाट्याला सर्वांत थोडा देईन.

मुसलमान वाचकाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचणे, जिलेटीन कशाचे हे विचारणे, ही आपली रोजची सवय. मटणाचा तुकडा बघून तो हलाल आहे की नाही हे कळत नाही, तो कुणाच्या हातून आला यावरच सगळे अवलंबून असते. 'जीएम खाणे जायज आहे का?' असे मला अधूनमधून विचारले जाते. मी उर्दू-मराठीचा शिक्षक, मुफ्ती नव्हे, तो प्रश्न त्यांच्याकडेच न्यावा. मला दिसतो तो एवढाच भाग, की साखळीतल्या माणसांचा शब्द तुटला तर कोणत्याही शिक्क्याला अर्थ राहत नाही.

ईपीएने धडा घेतला. २००१ मध्ये तिने जाहीर केले की जनावरांना चालेल पण माणसांना नाही, असा अर्धा परवाना यापुढे कुणालाही मिळणार नाही. पण मिसळलेले निस्तरायला कित्येक वर्षे लागली. दुसऱ्याच वाणांच्या बियाण्यातही क्राय-९-सी सापडले, आणि छोट्या बियाणे कंपन्यांकडून असे बियाणे उचलण्यासाठी अमेरिकी कृषी खात्याने २ कोटी डॉलरपर्यंतची तयारी ठेवली. मक्याची नियमित तपासणी थांबवायला हरकत नाही, असे सरकारने सांगितले ते २००८ मध्ये. तोवर ॲव्हेंटिस क्रॉपसायन्स बायरने घेतली होती, आणि ॲव्हेंटिसच्या काळात चाचणीच्या शेतांत लावलेला एक जीएम तांदूळ २००६ मध्ये अमेरिकेच्या बाजारातल्या तांदळात निघाला. त्याच्या चाचण्या २००१ मध्येच संपल्या होत्या. तो बाहेर कसा आला हे कृषी खात्यालाही ठरवता आले नाही. शेतकऱ्यांशी बायरची तडजोड २०११ मध्ये झाली, ७५ कोटी डॉलरची.

याच काळात, २००२ मध्ये, आफ्रिकेच्या दक्षिण भागात दुष्काळ पडला. अमेरिकेने मदत म्हणून मका पाठवला, त्यात जीएम मका मिसळलेला होता. झांबियाचे अध्यक्ष लेव्ही मवानावासा यांनी देशात उपासमार असताना तो नाकारला. जगभर त्यांच्यावर टीका झाली. झिंबाब्वे आणि मोझांबिक यांनी वेगळी वाट धरली : मका घेऊ, पण दळून द्या. ही अट वरवर चमत्कारिक वाटते, पण ती शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेली आहे. उपाशी माणूससुद्धा मिळालेल्या दाण्यांतले ओंजळभर पावसाळ्यासाठी बाजूला ठेवतो. पीठ पेरता येत नाही.

मदतीच्या धान्याबद्दलची ही शंका आपल्याला परकी नाही. पीएल-४८० कराराखाली आलेली लाल मिलो ज्वारी आमच्या आईवडिलांच्या पिढीने खाल्ली आणि तिच्या भाकरीबद्दल कुणी चांगले बोललेले मी ऐकले नाही. आपल्या बांधांवर माजलेले गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, याच करारातल्या गव्हातून आले असे गावोगाव सांगतात. १९५०च्या दशकात पुण्यात ते दिसल्याची नोंद आहे. त्याहून जुन्या नोंदीही सापडल्या आहेत, त्यामुळे सगळा दोष त्या गव्हावर टाकता येणार नाही. पण लोकांच्या मनात धान्य आणि त्यातून लपून आलेले काहीतरी, ही जोडी तेव्हापासून पक्की आहे. २००२ च्या अखेरीस भारताच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने अमेरिकेतून मदत म्हणून येणारे मका-सोयाचे मिश्रण अडवले, ते त्यात स्टारलिंक नाही अशी हमी मिळेना म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये याच समितीने बीटी कापसाला परवानगी दिली होती. म्हणजे विरोध तंत्राला नव्हता. काय आहे ते सांगा, एवढीच मागणी होती.

आता आपल्याकडे खाद्यपिकांच्या आयातीसाठी 'जीएम नाही' असे प्रमाणपत्र लागते. मार्च २०२१ पासून २४ पिकांना तो नियम आहे आणि चुकून मिसळलेला एक टक्क्यापर्यंतचा अंश चालतो. एक टक्का, स्टारलिंकचे क्षेत्र अर्ध्या टक्क्याहून कमी होते. त्याच वर्षी युरोपात उलट घडले. भारतातून गेलेल्या सुमारे ५०० टन तुकडा तांदळाच्या पिठात जीएम अंश सापडल्याचे फ्रान्सने कळवले आणि भारत सरकारने सांगितले की आमच्याकडे जीएम तांदळाची व्यापारी लागवडच नाही.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, कोंबडीपालकांचे खाद्य महागले म्हणून, केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली, न्हावा-शेवा बंदरातून आणि बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलमधून. पटवून दिलेले कारण असे की पेंड दळलेली आणि तेल काढलेली असते, तिच्यात जिवंत बी नसते. मोझांबिकच्याच अटीचा हा भारतीय अवतार. मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सोयाबीनवाल्यांचा त्यावरचा राग बियाण्याबद्दल नव्हता, पुढच्या महिन्यातल्या भावाबद्दल होता. काढणी तोंडावर असताना भाव उतरले आणि तो राग खरा ठरला. बियाण्याच्या बाबतीत हा शेतकरी तसाही सावध असतो. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तर आले तर पेरायचे, कमी आले तर बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. माझ्या वर्गातली अर्धी मुले हे काम घरी स्वतः करतात.